थुजाचं तेल की फरचं?

गुडघे दुखतात, सर्दीही आहे. थुजाच्या पानांचं तेल आणू की फरच्या, असं एका मैत्रिणीने विचारलं. थुजा आणि फर ही दोन्ही सूचीपर्णी झाडं.

परंपरेने दोन्ही तेलं सांध्यांवर चोळायला आणि छाती भरली की वापरली गेली. थुजा चामखिळीवरही लावत.

खरा फरक विषारीपणात आहे. थुजाच्या तेलात थुजोन नावाचं रसायन भरपूर असतं. ते थेट मेंदूवर परिणाम करतं. तेल पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. गरोदर बाई, फिट येणारी व्यक्ती किंवा लहान मूल घरात असेल तर ते आणूच नका. होमिओपॅथीमुळे नाव ओळखीचं वाटतं, पण त्या गोळ्या वेगळ्या आणि हे कडक तेल वेगळं. फरच्या तेलात मुख्यतः बॉर्निल ॲसिटेट आणि पायनिन ही सुगंधी रसायनं. तुलनेने बरंच सौम्य, तरी प्यायचं नाहीच.

त्वचेसाठी मात्र फरचंही जपून वापरा. हवा लागून जुनं झालेलं तेल अंगावर पुरळ उठवतं. झाकण घट्ट, बाटली थंड, अंधाऱ्या जागी. चमचाभर साध्या तेलात दोनच थेंब, आधी मनगटावर लावून दिवसभर थांबा.

गुडघ्यांना चोळायला, खोलीत वासाला फर घ्या. दमा असेल तर वासही नको. चामखिळीसाठी थुजा मनात असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.