एम.एड.ची दोन वर्षे: नोकरीच्या हिशेबात आणि वर्गात

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातील माझ्या विद्यार्थिनी निकाल जवळ आला की एकच प्रश्न घेऊन येतात, "मॅडम, एम.एड. केले तर नोकरी लागेल का?" मी स्वतः 2017 ते 2019 या काळात नियमित एम.एड., म्हणजे बी.एड.नंतरची शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, केली आणि त्यासाठी एका माध्यमिक शाळेतले तासिका तत्त्वावरचे काम सोडले. त्या अनुभवावरून या अभ्यासक्रमाचे मूल्यमापन येथे करते आहे.

शाळेतील नोकरी हाच उद्देश असेल, तर एम.एड. करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या पवित्र या भरती पोर्टलवरून मुलाखतीशिवाय होणारी शिक्षकभरती अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या 200 पैकी मिळालेल्या गुणांवर होते आणि त्या गुणांत एम.एड.मुळे एकाचीही भर पडत नाही. निवड झाल्यावर माध्यमिक शिक्षणसेवकाला 2023 पासून दरमहा 18,000 रुपये मानधन मिळते, बी.एड. झालेल्याला जेवढे, तेवढेच एम.एड. झालेल्याला. पदोन्नतीचेही तसेच आहे. खासगी शाळांतील मुख्याध्यापकपद 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे सेवाज्येष्ठतेने भरले जाते. त्यासाठी पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव पुरतो. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर पदोन्नतीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले आहे. हातात एखादेच वर्ष मोकळे असेल, तर ते या परीक्षेच्या तयारीला द्यावे, हे मी विद्यार्थिनींना आग्रहाने सांगते.

एम.एड. खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते अध्यापक शिक्षणाच्या क्षेत्रात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या निकषांप्रमाणे बी.एड. महाविद्यालयात शिकवण्यासाठी आपल्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत किमान 55 टक्के गुण लागतात, आणि त्याखेरीज नेट किंवा सेट (महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. यांपैकी काहीतरी हवे. सेट उत्तीर्ण झाल्यामुळेच मला आजचे काम मिळाले. मात्र तेही तासिका तत्त्वावरचे आहे. कायम पदाची जाहिरात क्वचित निघते आणि निघाली की एकेका जागेसाठी पात्र उमेदवारांची रांग लागते, हे प्रवेश घेण्यापूर्वी मला कोणी सांगायला हवे होते.

अभ्यासक्रमाच्या दर्जाविषयी मात्र माझे मत दुभंगलेले आहे. 2015 पासून एम.एड. दोन वर्षांचे झाले, ते लघुप्रबंध आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून. आमच्या महाविद्यालयात माझा संशोधन आराखडा चार महिने एका टेबलावर पडून राहिला, आणि कार्यानुभवाच्या काळात आम्ही शाळेत जाऊन बहुतेक वेळ नोंदवह्या भरल्या आणि त्यांवर सह्या घेतल्या. संख्याशास्त्राचे तास सूत्रे फळ्यावर उतरवून देण्यात संपले. शुल्क भरून आणि मिळकत सोडून आलेल्या शिक्षकाचा वेळ असा जाणे मला आजही सलते.

तरीही लघुप्रबंधाच्या कामात मला जे सापडले, ते बी.एड.ने दिले नव्हते. आठवीच्या 74 विद्यार्थ्यांच्या मराठी व्याकरण चाचणीचे मी प्रश्ननिहाय विश्लेषण करत होते. उत्तरपत्रिका गुणानुक्रमे लावायच्या, वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के, म्हणजे वीस-वीस, वेगळ्या काढायच्या आणि प्रत्येक प्रश्न कोणत्या गटाला किती जमला ते मोजायचे, अशी ती पद्धत. 'क्रियाविशेषण अव्यय ओळखा' या प्रश्नाला 'वर', 'आणि', 'अरेरे', 'लवकर' असे पर्याय मी स्वतः दिले होते, आणि 'लवकर' हे उत्तर खालच्या गटाने वरच्या गटापेक्षा अधिक संख्येने अचूक लिहिले होते. दोन वेळा मोजूनही आकडा बदलेना, तेव्हा मी वरच्या गटातील एका मुलीला विचारले. ती म्हणाली, "बाई, 'तो वर गेला' यात 'वर' क्रियाविशेषणच आहे ना?" तिचे बरोबर होते. 'टेबलावर' मधले शब्दयोगी अव्यय डोक्यात ठेवून मी पर्याय रचला होता, आणि ज्यांना व्याकरण खरोखर समजले होते त्यांचेच गुण कापले होते. त्या आधीच्या वर्षांत मी अशा किती प्रश्नपत्रिका काढल्या असतील, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. तेव्हापासून प्रत्येक घटक चाचणीनंतर मी निदान शंकास्पद प्रश्नांची तरी अशी मोजणी करतेच.

आधीच नोकरीत असलेल्यांनी या पदवीसाठी ती सोडू नये. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे एम.ए. शिक्षणशास्त्र घरी राहून करता येते, आणि बी.एड.लाही 55 टक्के असतील तर बी.एड. महाविद्यालयातील शिक्षणशास्त्राच्या तात्त्विक विषयांच्या पदांसाठी ते ग्राह्य धरले जाते. नियमित एम.एड.लाच जायचे असेल, तर महाविद्यालयाला परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावे, आणि मागच्या तुकडीतील दोघांना भेटून त्यांचे लघुप्रबंध वाचायला मागावेत. मार्गदर्शक किती लक्ष घालतात ते त्या पानांवरून कळते.

स्वतःची जुनी गुणपत्रिकाही प्रवेशाआधीच काढून पाहावी. माझ्या एका वर्गमैत्रिणीला एम.एड.ला माझ्याहून अधिक गुण होते, परंतु तिच्या एम.ए. इतिहासाला 53 टक्के होते आणि ती खुल्या प्रवर्गातील असल्यामुळे पात्रतेची पहिलीच अट तिला पुरी करता येईना. आता शाळेतून घरी आल्यावर ती दुसऱ्या एम.ए.चा अभ्यास करते.