पाच जण, एक तक्ता आणि नव्वद सेकंदांची गाणी : नऊ महिने वापरल्यावर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं होतं, आता मृग तोंडावर आलाय. एवढे दिवस आमच्यात कुठलीच गोष्ट टिकत नाही, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकावं.

वस्तू म्हणाल तर फोनवरची एक साधी स्प्रेडशीट. त्यात अ‍ॅनिमेची (जपानी कार्टून मालिकांची) ओपनिंग आणि एंडिंग, म्हणजे भागाच्या सुरुवातीची आणि शेवटची, गाणी टाकायची आणि पाच जणांनी गुण द्यायचे. मी परभणीत एका कृषी सेवा केंद्रात कामाला. थोरला भाऊ आणि वहिनी घरातच. मामेभाऊ लातूरला क्लासला. पाचवा माझा दोस्त नांदेडचा, लग्नावरातीत हलगी वाजवतो, त्यामुळे ताल चुकला की त्याचं डोकं फिरतं. वहिनी अ‍ॅनिमे बघत नाहीत. त्यांना कशाला घेतलं, असं सुरुवातीला मामेभावानं तोंड वाकडं करून विचारलं होतं. पुढं सांगतो.

पहिली पद्धत सगळे करतात तीच, दहापैकी गुण आणि शेवटी सरासरी. तीन आठवड्यांत तिचा बाजार उठला. योआसोबी या जपानी जोडीचं 'आयडॉल' आलं, २०२३ सालच्या 'ओशी नो को'चं ओपनिंग. जपानच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत हे गाणं सलग २१ आठवडे पहिलं होतं. आमच्यात गुण पडले ९, ९, ८, ९ आणि हलगीवाल्याचे २. सरासरी ७.४! म्हणजे चौघांनी डोक्यावर घेतलेलं गाणं 'बरं आहे'च्या रांगेत जाऊन बसलं. मी म्हटलं, अरे २१ आठवडे. तर म्हणतो, "२१ वर्षं राहू दे की. मला कशाला सांगूलालास?"

मग सरासरी काढून टाकली आणि मधला आकडा धरला. पाच गुण चढत्या क्रमानं लावायचे, तिसरा घ्यायचा. वरच्या गाण्याचा मधला आकडा ९ येतो, एकट्याच्या रुसव्यानं हलत नाही. हे चांगलं चाललं. पण मधल्याच काळात तीन आठवडे निकाल उगाच विचित्र यायला लागले, भाऊच्या आवडीची गाणी काही केल्या वर येईनात. शेवटी एका रात्री एकेक घर तपासत बसलो. भाऊ मराठी कीबोर्डवरून '८' टाकत होता, देवनागरी. आमची शीट त्याला आकडाच मानत नव्हती, अक्षर समजून सोडून देत होती. तीन आठवडे माणूस मनापासून गुण देतोय आणि ते मोजलेच जात नाहीत. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बँकेतबी असंच झालं होतं एकदा." आता त्या रकान्यात इंग्रजी आकड्याशिवाय काही टाकलं की शीट घेतच नाही. तुम्ही असं काही करणार असाल तर हे पहिल्या दिवशी करून घ्या.

नावांचाही असाच घोळ. 'आयडॉल', 'आयडल' आणि मामेभावाचं 'आयडोरु', एकच गाणं तीनदा यादीत. जपानी उच्चार धरले तर खरा तोच बरोबर. त्याला या भाषेचा नाद लागलाय. 'त्सुकि' म्हणजे चंद्र. तो म्हणतो, हा आपल्या 'चुकी'तलाच च आहे, वेगळा शिकायची गरज नाही, चुना म्हणणाऱ्याला तो येतोच. 'इव्हँजेलियन'च्या १९९५ च्या ओपनिंगचं नाव त्यानं मला फोड करून सांगितलं. झानकोकु ना म्हणजे क्रूर, तेन्शी म्हणजे देवदूत, नो म्हणजे आपला चा, तेझे म्हणजे प्रबंध. क्रूर देवदूताचा प्रबंध. शब्द जिथल्या तिथं, एकही हलवावा लागला नाही. योको ताकाहाशीचं ते गाणं मी दहा वर्षं ऐकत होतो आणि 'नो'ला इंग्रजीतला नकार समजत होतो.

एकमेकांचे गुण आधी दिसू नयेत, हाही धडा उशिराच मिळाला. मी आधी ९ टाकला की मागचे ८-९ टाकायचे. हलगीवाल्यानं आधी ४ टाकला की सगळे ६ वर. शीटचं पान लपवून उपयोग नाही, ज्याच्याकडं बदल करायची परवानगी आहे तो ते उघडतोच. म्हणून आता गुण एका फॉर्ममधून येतात आणि रविवारी रात्री नऊला मी उघडतो. लाईट गेलेली असली तरी उघडतो, नाहीतर फोन सुरू होतात.

सगळ्यात कामाचा ठरला तो 'कान' आणि 'डोळे' असा दुहेरी रकाना. आधी फोन पालथा घालून नुसतं गाणं ऐकायचं आणि गुण द्यायचे. मग चित्रासकट बघून परत. टीव्हीवरचं ओपनिंग दीड मिनिटाच्या आसपास असतं, त्यामुळे दोनदा ऐकलं तरी चहा निवत नाही. माझी स्वतःचीच फजिती झाली इथं. काना-बूनचं 'सिल्हूट', 'नारुतो शिप्पुदेन'चं २०१४ चं ओपनिंग. मी डोळे मिटून पैज लावली असती की माझ्याकडून दहा. नुसत्या कानाला सात दिले. वरचे तीन गुण गाण्याचे नव्हतेच. ते बारावीच्या सुट्टीतल्या दुपारचे होते, कूलरसमोर मोबाईल धरून बसायचो त्या दुपारचे. उलट 'काउबॉय बीबॉप'चं १९९८ चं 'टँक!', योको कान्नो आणि सीटबेल्ट्सचं. पाचही जणांचे कान आणि डोळे सारखेच. वहिनींनी तर चित्र बघायच्या आधीच ठरवलं होतं.

ते दृश्य मला आठवतंय. त्या ज्वारीची भाकरी थापत होत्या, फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा. पितळी वाद्यांचा जो एकदम मारा होतो तिथं त्यांचा हात थांबला. "हा लग्नातला बँड हाय, भाऊजी. पण शिस्तीत वाजवूलालेत." पिठानं माखलेली चार बोटं अधिक दुसऱ्या हाताची पाच, म्हणजे नऊ. त्यांचे गुण असेच येतात, मी टाकतो. लिसाचं 'गुरेंगे' लावलं, 'डेमन स्लेयर'चं, तर त्यांनी तवा खाली उतरवला. "लई घाई हाय ह्याला. भाकरी करपंल." सहा. त्यांना माहीत नाही त्यातला तंजिरो कोण, त्याच्या बहिणीचं काय झालं, कुणी कुठल्या भागात रडलं. म्हणून त्यांचा आकडा गाण्याचा असतो. मामेभाऊ आता कुठलंही गाणं टाकलं की आधी विचारतो, मामी काय म्हणल्या? नात्यानं त्या त्याच्या वहिनी, पण गुण देणाऱ्यांच्यात मामी कशा झाल्या ते आम्हालाही कळलं नाही.

तरी एक अडचण राहिलीच. मधल्या आकड्यानं निम्मी यादी ८ वर येऊन साचली. आठांच्या त्या ढिगात काय वर, काय खाली? तेव्हा आम्ही गुण सोडून जोड्या लावायला लागलो. पहिल्यांदा जत्रेतल्या कुस्त्यांसारखं केलं, हरला तो बाहेर. पण तगडं गाणं पहिल्याच फेरीत दुसऱ्या तगड्याशी भिडून बाहेर गेलं, ते कुणालाच पटलं नाही. आता असं करतो : नवं गाणं यादीच्या बरोबर मधल्या गाण्याशी लावायचं. पाचापैकी तीन मतं नव्याला पडली तर वरच्या अर्ध्यात, नाहीतर खालच्या. मग त्या अर्ध्याच्या मधल्याशी. ६३ गाण्यांच्या यादीत जास्तीत जास्त ६ जोड्यांत जागा ठरते. दहापैकी किती, याला कुणाकडंच ठाम उत्तर नसतं. या दोनातलं कुठलं परत लावू, याला मात्र असतं.

नव्या हंगामाची गाणी लगेच घ्यायची नाहीत, हाही नियम केलाय. आमच्या दुकानात खरीप आणि रब्बी दोनच. तिकडं जपानात नव्या मालिका सुरू व्हायचे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार हंगाम. पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं. बियाणं उगवलं का नाही ते पेरल्या दिवशी कळत नाही, म्हणून तीन आठवडे थांबतो. २०२२ च्या 'चेनसॉ मॅन'नं मात्र पार वाकवलं : केन्शी योनेझूचं ओपनिंग एकच, पण १२ भागांना १२ वेगळी एंडिंग. एका मालिकेची बारा गाणी एकदम आली आणि हलगीवाला दोन आठवडे बोललाच नाही.

एंडिंगवरून आठवलं. हा तक्ता नसता तर मी एकही एंडिंग पूर्ण ऐकलं नसतं. नावं सुरू झाली की पुढच्या भागाचं बटण दाबायची सवय. आता थांबतो.

तक्रारी आहेत. वेळ जातो, लई जातो. परीक्षेआधी दोन महिने मामेभावाला बाहेर ठेवावं लागलं, चौघांत दोन-दोन मतं पडून सगळं अडून बसलं. बरोबरी झाली की पूर्ण लांबीचं गाणं ऐकून फोडायची. काही अधिकृत व्हिडिओ आपल्याकडं उघडतच नाहीत. आणि ओपनिंगच्या चित्रात पुढची कथा फुटते. मी अजून पहिल्या सीझनमध्ये असताना दोस्तानं चौथ्याचं ओपनिंग टाकलं, त्यात कोण नाही ते मला लगेच दिसलं.

सगळ्यात मोठं भांडण अजून मिटलेलं नाही. भाऊनं 'जंगल बुक'चं हिंदी शीर्षकगीत टाकलं. मालिका जपानची, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ ची. दूरदर्शनवर आपण बघितली ती हिंदीत, गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचं संगीत. मामेभाऊ म्हणतो, जपानी ओपनिंग वेगळं आहे, हे अ‍ॅनिमेचं गाणंच नाही. भाऊ म्हणतो, रविवारी सकाळी गल्लीतल्या एकुलत्या टीव्हीसमोर चाळीस पोरं ज्याच्यासाठी बसायची, ते नाही तर मग कुठलं? वेगळं पान करून दिलं, त्यावर 'घरचं' असं लिहिलं. त्या पानावर एकच गाणं आहे. भाऊ दर रविवारी त्याला दहा देतो, इंग्रजी आकड्यात.

या आठवड्यात वहिनींनी पहिल्यांदा स्वतःहून गाणं सांगितलं, 'फ्रीरेन'चं एंडिंग, मिलेटचं. कुणाच्या तरी फोनवर ऐकलं म्हणाल्या. रविवारी ते यादीच्या मधल्या गाण्याशी लावायचंय. मधलं सध्या 'सिल्हूट' आहे.