ड्रिलवर चढणारा पॉलिशचा संच : ॲल्युमिनियमला चालेल, क्रोमला लावू नका

साडेआठशे रुपयांच्या या संचात ड्रिल मशीनवर बसणारी ३ इंची कापडी चाके, खोबणीत शिरण्यासाठी फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक निमुळता शंकू, चाके अडकवण्यासाठी ६ मिलिमीटर दांड्याचे दोन आर्बर आणि तपकिरी, पांढऱ्या व हिरव्या कंपाउंडच्या, म्हणजे चाकाला लावायच्या घासणाऱ्या मसाल्याच्या, तीन कांड्या मिळतात. खोक्यावर छापलेल्या चित्रात अर्धे काळवंडलेले आणि अर्धे आरशासारखे चमकणारे इंजिनाचे कव्हर दाखवले आहे, आणि खाली ‘काही मिनिटांत’ असे लिहिले आहे. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांच्या वेळची येझ्दी मोटरसायकल अजून चालू स्थितीत असल्यामुळे आणि दसऱ्याच्या पूजेआधी तिची कव्हरे उजळावीत अशी घरातल्यांची इच्छा असल्यामुळे हा संच मागवला. संच टाकाऊ नाही. परंतु खोक्यावरच्या चित्रातली चमक ज्या कामातून येते, त्या कामाचे साहित्य खोक्यात नाही, आणि ही गोष्ट विकणाऱ्याने कुठेही सांगितलेली नाही.

ते साहित्य म्हणजे पॉलिश पेपर. कापडी चाक आणि कंपाउंड मिळून धातूच्या पृष्ठभागावरचे अगदी बारीक ओरखडेच काढू शकतात. वर्षानुवर्षे बुटाने घासलेल्या, दगड उडून ठेचलेल्या आणि पावसाळ्यात पांढरी बुरशी चढावी तशी खाल्ल्या गेलेल्या ॲल्युमिनियमवर थेट चाक फिरवले, तर खड्डे तसेच राहतात आणि फक्त चकाकू लागतात. म्हणून आधी पाण्यात चालणारा, म्हणजे वॉटरप्रूफ, पेपर ३२० नंबरपासून सुरू करून ४००, ६००, ८०० आणि १००० असा चढत न्यावा लागतो; नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकले की पेपर चोंदत नाही. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवावी; उभे ओरखडे पूर्ण नाहीसे होऊन फक्त आडवे दिसू लागले, की मगच पुढचा पेपर हातात घ्यावा. हा नियम मोडून ३२० वरून सरळ १००० वर उडी मारली, तर पॉलिश झाल्यावर उन्हात धरलेल्या कव्हरवर ते जुने ओरखडे एकेक करून वर येतात आणि सगळे काम पुन्हा मागे न्यावे लागते. हे सगळे पेपर आर्वीच्या कोणत्याही हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात सहज मिळतात. संचात त्यांची पाच-सहा पाने घातली असती, तर विकणाऱ्याला फारसा खर्च आला नसता आणि गिऱ्हाइकाला कामाचा खरा क्रम तरी कळला असता.

पेपरच्याही आधीची एक पायरी माहितीपत्रकात नाही. अनेक मोटरसायकलींच्या कव्हरवर कारखान्यातून येतानाच पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो एखाद्या कडेला उचकटला की त्याखाली ओल शिरते आणि वळवळत गेलेल्या किड्याच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेघा उमटतात. असे लॅकर पेंट रिमूव्हर लावून पूर्ण काढल्याशिवाय चाक लावले, तर ते तापून चिकट होते, चाकाच्या कापडात बसते आणि मग ते चाक कामातून जाते.

आता चाकांविषयी. शिवलेले चाक आणि मोकळ्या पदरांचे चाक, अशी दोन्ही प्रकारची चाके संचात आहेत, ही चांगली बाब आहे. कारण कापणारे काम शिवलेल्या घट्ट चाकावर होते आणि शेवटची झळाळी मोकळ्या चाकावर येते. शिवण पक्की आहे. नव्या चाकातून सुरुवातीला धागे एवढे उडतात, की कापसाच्या मुलखात राहूनही जिनिंगच्या आवारात गेल्याशिवाय कोणाच्या अंगावर इतकी रुई बसत नसेल; पण एखाद्या जुन्या करवतीच्या पात्याच्या दातांवर चाक फिरते ठेवून थोडे विंचरून घेतले, की ते थांबते. दोनपैकी एका आर्बरचा दांडा मात्र किंचित वाकडा होता. तो ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, घट्ट बसवल्यावर चाक हेलकावे खात फिरत होते आणि कव्हरवर टाके मारल्यासारखे ठिपके उमटत होते. विकणाऱ्याला फोटो पाठवल्यावर त्याने दुसरा आर्बर पाठवला, त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत, मात्र बराच तगादा लावावा लागला.

कंपाउंडच्या कांड्यांपैकी तपकिरी कांडी उत्तम आहे. तपकिरी कंपाउंड कापते, पांढरे उजळवते आणि हिरव्यात क्रोमियम ऑक्साइड असल्यामुळे ते स्टेनलेस स्टीलसारख्या कठीण धातूंसाठी असते, असा सर्वसाधारण संकेत आहे. या संचातली हिरवी कांडी इतकी कोरडी निघाली, की फिरत्या चाकाला टेकवताच तिचे तुकडे उडत होते. प्रत्येक कंपाउंडला स्वतंत्र चाक ठेवणे आवश्यक असते, कारण तपकिरीचे खरखरीत कण पांढऱ्याच्या चाकात मिसळले की शेवटची चमक धुरकट होते. ही सूचना पत्रकात आहे, पण तीन कांड्यांना पुरतील एवढी मोकळ्या पदरांची चाके संचात नाहीत.

‘काही मिनिटांत’ या दाव्याचा हिशेब सोपा आहे. ३ इंची चाकाचा घेर साधारण २४ सेंटीमीटर भरतो. घरगुती ड्रिल मिनिटाला २८०० फेऱ्या मारत असेल, तर चाकाची कड मिनिटाला सुमारे ६७० मीटर धावते. तेवढ्याच फेऱ्यांच्या, टेबलावर बसवायच्या बेंच ग्राइंडरवर ६ इंची चाक लावले, तर हा वेग दुप्पट होतो, आणि नागपूर-अमरावतीकडचे व्यावसायिक पॉलिशवाले तर यापेक्षाही जास्त वेगाने काम करतात. त्यामुळे ड्रिलवर काम होते, पण सावकाश होते. शिवाय सायंकाळी मोटारपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडले, की ड्रिलचा आवाजच बदलतो, चाक दमते आणि कंपाउंड कापण्याऐवजी नुसते काळे थापले जाते. आमच्याकडे हे काम सकाळच्या वेळीच नीट झाले. ड्रिल हे यंत्र बाजूने दाब सोसण्यासाठी बनवलेले नसते, म्हणून मधूनमधून ते थांबवून थंड होऊ देणे इष्ट. वेग कमी पडतो म्हणून हाच आर्बर ४ इंची अँगल ग्राइंडरला जोडण्याची कल्पना कोणी मनात आणू नये. तो मिनिटाला ११,००० च्या आसपास फेऱ्या मारतो आणि लांब दांड्याचे चाक त्या वेगाला वाकून निसटू शकते.

येझ्दीच्या उजव्या-डाव्या कव्हरांवर या संचाचा निकाल मात्र समाधानकारक आला. डाव्या बाजूला एकाच दांडीवर किक आणि गिअर असल्यामुळे तिच्या मुळाशी जी अरुंद खाच राहते, तिथे चाक पोहोचत नाही. तिथे फेल्टच्या शंकूने खरोखर मदत केली. कव्हरवर उठावदार अक्षरे असतील, तर तिथे हात हलका ठेवावा, नाहीतर अक्षरांच्या कडा गोल होतात आणि त्या पुन्हा परत येत नाहीत. चाक नेहमी कव्हरच्या कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरेल असेच धरावे. कडेच्या विरुद्ध फिरले, तर ते अडकून हातातून वस्तू हिसकावून घेते. काम जमत असल्याची खूण अशी, की कव्हरवर आधी काळसर, तेलकट थर चढतो आणि त्याच थरावरून चाक हलक्या हाताने परत नेले, की तो थर पुसला जाऊन खालून पांढरीशुभ्र चमक उघडी पडते. त्या काळ्या थराला घाबरून थांबणाऱ्याच्या पदरी मळकट कव्हरच पडते.

खोक्यावर ‘सर्व धातूंसाठी, क्रोमसह’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. सायलेन्सर, हँडल आणि मडगार्ड यांवर जे क्रोम असते, त्याचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, आणि माणसाच्या केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन असते. क्रोमच्या खाली निकेलचा त्यापेक्षा जाड थर असतो व त्याखाली लोखंड. तपकिरी कंपाउंड लावून क्रोमवर चाक दाबले, तर चमक वाढत नाही, उलट क्रोम झिजून खालचे पिवळसर निकेल दिसू लागते, आणि तिथून गंज सुरू होतो. आमच्या गावच्या मेकॅनिकने सायलेन्सरवर बोट ठेवून एवढेच सांगितले, “भाऊ, याले मशीन नका लावू. निकल निंघाली का मंग पुन्हा प्लेटिंगच करा लागते.” क्रोमसाठी मऊ कापड आणि नळीतून येणारे हाताने लावायचे सौम्य मेटल पॉलिश पुरेसे आहे. ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा कठीण थर चढवलेल्या, ॲल्युमिनियमच्या भागांनाही हा संच लावू नये.

सुरक्षिततेबद्दल पत्रकात चष्म्याचे एक चित्र सोडून काही नाही. आपल्याकडे उन्हामुळे गळ्यात दुपट्टा ठेवण्याची सवय असते. तो फिरत्या चाकात सापडला तर मानेलाच ओढ बसते, म्हणून काम सुरू करण्याआधी तो खुंटीला टांगावा. तोंडाला मास्क लावावा. ॲल्युमिनियमची बारीक धूळ जमलेल्या जागी लोखंडावर ग्राइंडर चालवून ठिणग्या पाडू नयेत, कारण ती धूळ पेट घेऊ शकते. ब्रेकचे लायनर आणि ड्रम किंवा डिस्क यांवर कंपाउंड जाणार नाही, याची काळजी घ्यावी; त्यात मेण-चरबी असते आणि तेवढ्याने ब्रेक नीट लागत नाही.

चमक टिकण्याविषयी विकणारा ‘वर्षभर’ म्हणतो. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर बनतो व चमक हळूहळू मंदावते. ते टाळता येत नाही. खताच्या पोत्यांची ने-आण करणाऱ्या गाडीवर तर म्युरेट ऑफ पोटॅशसारख्या खतातले क्लोराइड ओलीबरोबर बसून बारीक खड्डे पाडते. तेव्हा खत वाहिल्यावर गाडी त्याच दिवशी साध्या पाण्याने धुणे आणि कव्हरवर अधूनमधून मेणाचा हात फिरवणे, हाच व्यवहार्य उपाय आहे. उष्णता सोसणारे पारदर्शक लॅकर मारता येते, पण ते उचकटले की पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागते. रोज शेतात जाणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

ज्याच्याकडे ड्रिल आधीच आहे आणि ज्याला दोन-तीन ॲल्युमिनियमचे भाग उजळायचे आहेत, त्याने हा संच घेण्यास हरकत नाही; पेपर आणि पेंट रिमूव्हर यांचा खर्च मात्र वेगळा धरावा. केवळ सायलेन्सर आणि हँडलसाठी घेत असाल, तर घेऊ नका. बेंच ग्राइंडर असलेल्याने संचाऐवजी ६ इंची शिवलेले एक व मोकळे एक अशी चाके, आणि तपकिरी व पांढरी अशा दोनच कांड्या सुट्या घ्याव्यात. मात्र घेताना चाकावर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा आपल्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे, हे दुकानातच पाहून घ्यावे.