जीपीएस टाइम सर्व्हर, दहा महिन्यांनंतर: ३९ सेकंदांचा हिशेब

गेल्या ऑक्टोबरात कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये हा डबा बसवला, तेव्हा मी पाचपैकी पाच स्टार दिले असते. गच्चीवरच्या अँटेनाने जीपीएस उपग्रहांकडून वेळ घ्यायची, तिथून केबल खाली, आणि नेटवर्कवरची सगळी यंत्रं एका वेळेवर.

जुलैत हजेरी मशीनवर रोज दोन-तीन लेट मार्क पडायला लागले. "साहेब, आम्ही वेळेतच आलो," असं कामगार सांगत होते. मी ऐकलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. शेवटी एका फिटरने मोबाइल मशीनशेजारी धरून दाखवला. मशीन ३९ सेकंद पुढे!

गच्चीवरच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं होतं. लॉगमध्ये २३ दिवस एकही उपग्रह नाही. पावसाला मी दोष देत नाही. पण त्या २३ दिवसांत डबा स्वतःच्या क्रिस्टलवर, म्हणजे आतल्या साध्या घड्याळावर चालत होता, दिवसाला सुमारे १.७ सेकंद सरकत होता, आणि नेटवर्कला मात्र 'मी स्ट्रॅटम १', म्हणजे थेट मूळ घड्याळाशी जोडलेला, असंच सांगत होता. 'माझी वेळ जुळलेली नाही' हे कळवायची सोय एनटीपीतच, म्हणजे नेटवर्कवर वेळ पाठवायच्या पद्धतीतच आहे. ती न वापरणं मला माफ करता येत नाही. कॉम्प्युटरवरचं लॉगिनही अडलं नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही; कारण विंडोज डोमेनमध्ये लॉगिन तपासणारी कर्बेरॉस ही व्यवस्था सहसा ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते.

सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, अँटेना वॉरंटीत नाही, व्हिजिटचे पैसे वेगळे. जोड मीच बदलला, वर रबर टेप गुंडाळली. फर्मवेअरबद्दल, म्हणजे डब्यातल्या सॉफ्टवेअरच्या या खोटेपणाबद्दल, त्यांनी उत्तरच दिलं नाही.

डबा काढूनच टाकणार होतो. भारताची प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या एनपीएल या प्रयोगशाळेची वेळ इंटरनेटवरून फुकट मिळते, आणि एनआयसी (सरकारी संगणक केंद्र) किंवा एनपीएलच्या वेळेशी घड्याळं जुळवा असा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा निर्देशही आहे. पण मग खोदकामात फायबर तुटली, दोन दिवस इंटरनेट नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत वेळ सांभाळली ती याच डब्याने. म्हणून ठेवलाय, पण एकटा नाही. सर्व्हरवर घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रामला आता वेळेचे चार स्रोत दिलेत. दोनच ठेवू नका, फरक पडला तर खरं कोण हे ठरत नाही. चारांत खोटं बोलणाऱ्यापुढे यादीत 'x' येतो.

तीन स्टार. त्या दिवसांचे सगळे पंच लॉगवरून तपासले, चुकीचे लेट मार्क रद्द करून घेतले. कापलेला पगार या महिन्यात परत मिळतोय.