‘द लिंकन लॉयर’: काही महिने जवळ बाळगल्यानंतर

आधी एक सूचना. मायकल कॉनेलीच्या या कादंबरीतला मधला उलगडा, म्हणजे आरोपी खरा कसा आहे हे, पुढे लिहिलं आहे. शेवटची चाल सांगितलेली नाही.

कादंबरी २००५ ची, सुमारे चारशे पानांची. लॉस एंजेलिसमधला फौजदारी वकील मिकी हॉलर स्वतःच कथा सांगतो. त्याचं ऑफिस म्हणजे लिंकन टाउन कारची मागची सीट. गाडी चालवणारा अर्ल हा त्याचाच जुना अशील, फीची थकबाकी फेडण्यासाठी ड्रायव्हरकी करतोय. बेव्हर्ली हिल्समधला श्रीमंत इस्टेट एजंट लुई रूले याच्यावर एका बाईला मारहाण केल्याचा आणि तिला ठार मारण्याच्या प्रयत्नाचा आरोप आहे. ती केस हॉलरकडे येते. पैसेवाला अशील, लांबणारा खटला, महिनोन्‌महिने फी. त्याच्या भाषेत ‘फ्रँचाइज’.

पुस्तक अर्ध्यात सोडणारे बहुतेक वाचक शंभराव्या पानाच्या आसपास सोडतात आणि तक्रार एकच असते: कोर्ट कुठे आहे? तक्रार खोटी नाही. पुस्तकाचा पहिला मोठा भाग खटल्याआधीचा आहे, उलटतपासाची आतषबाजी बरीच उशिरा सुरू होते. पण दुसऱ्यांदा वाचताना टिकतो तो हाच पहिला भाग. वकिली हा धंदा चालतो कसा, पैसा कुठून येतो, केस कोण आणून देतं, कोणाला सांभाळावं लागतं, हे इतकं बारकाईने लिहिलेली कोर्टकादंबरी विरळा.

सुरुवातीचा लँकेस्टरच्या कोर्टातला प्रसंग बघा. हॉलर न्यायाधीशांकडे तारीख मागतो. कारण देतो साक्षीदार सापडत नसल्याचं, खरं कारण फी आलेली नाही. न्यायाधीशांनाही ते कळतं, आणि तारीख मिळते. पुढे हायवेवर त्याच अशिलाच्या मोटरसायकलवाल्या टोळीचे लोक गाडीला घेरतात, गाडी कडेला लागते आणि व्यवहार तिथेच उरकला जातो. हॉलर घाबरत नाही, दिलगिरी दाखवत नाही, पैसे मिळाल्यावर आपला शब्द पाळतो. पुढच्या सगळ्या पुस्तकाची किल्ली या दोन प्रसंगांत आहे: हा माणूस अशिलाला ‘तू केलंस का?’ असं कधीच विचारत नाही. त्याला त्याची गरजच पडत नाही.

केस आणून देणारा बेल बाँड्समन फर्नांडो व्हॅलेन्झुएला आपल्या वाचकांना चटकन कळत नाही. आपल्याकडे जामीनदार उभा राहतो, सातबारा किंवा पगारपत्रक दाखवतो. कॅलिफोर्नियात जामिनाच्या रकमेच्या साधारण १० टक्के पैसे बाँड्समनला द्यायचे, तो पूर्ण रकमेची हमी घेतो, आणि ते १० टक्के परत मिळत नाहीत. म्हणजे कोणता आरोपी मालदार आहे हे कोर्टाआधी त्याला कळतं. बार कौन्सिलच्या नियम ३६ खाली वाढलेल्या आपल्या वकिलाला जाहिरात आणि दलाली दोन्ही निषिद्ध. त्यामुळे हॉलरचं अर्धं आयुष्य इथल्या शिस्तपालन समितीपुढेच गेलं असतं.

नावांचा घोळ होतो. ई-बुकवर वाचत असाल तर नावावर बोट दाबून ठेवून मागचे उल्लेख शोधायची सोय वापरा. छापील प्रत असेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर सहा नावं लिहून ठेवा: रूले, मेनेंडेझ, लेव्हिन (हॉलरचा तपासनीस), मिंटन, कॉर्लिस, ग्लोरिया डेटन (हॉलरची जुनी अशील). शेवटचं नाव मुद्दाम. ग्लोरियाचं प्रकरण वरवर भरताड वाटतं आणि घाईत वाचणारा ते ओलांडून जातो. मग शेवटाकडे हॉलरची चाल हवेतून आल्यासारखी वाटते. ती हवेतून आलेली नाही, तिचा खिळा तिथेच ठोकलेला आहे.

आता गाठ. हॉलरचा जुना अशील जीझस मेनेंडेझ एका बाईच्या खुनासाठी सॅन क्वेंटिन तुरुंगात जन्मठेप भोगतोय. त्याने आपण खून केला नाही असं सांगितलं होतं. पुरावा भक्कम दिसत होता, फाशी टळावी म्हणून हॉलरने त्याला गुन्हा कबूल करायला लावला आणि आपण चांगलं काम केलं असं समजून तो पुढच्या केसकडे वळला. रूलेच्या केसमधल्या जखमा आणि त्या जुन्या खुनातल्या जखमा सारख्या आहेत हे लक्षात येतं तेव्हा हॉलर फोटो घेऊन तुरुंगात जातो. मेनेंडेझ रूलेचा चेहरा ओळखतो. हॉलरला कळतं की निरपराध माणसाला आत आपणच पाठवलं, आणि खरा खुनी आपला सध्याचा अशील आहे.

इथे साधा वाचक विचारतो, मग हा पोलिसांकडे का जात नाही? वकील वाचक विचारतो, हा वकीलपत्र का सोडत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वकीलपत्र सोडलं तरी गुपित सुटत नाही, ते आयुष्यभर बांधलेलं राहतं. पहिल्याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहे. तिथे अशिलाचं गुपित वकिलाने स्वतःवर संकट ओढवून घेऊनही जपायचं असतं. १ जुलै २००४ पासून एक फट पडली: पुढे होणाऱ्या आणि कोणाचा जीव जाऊ शकेल अशा गुन्ह्याला आळा घालण्यासाठी वकील बोलू शकतो. ‘शकतो’, ‘बोललाच पाहिजे’ नाही. झालेल्या खुनासाठी भलताच माणूस आत बसला असेल तर ती फट उपयोगाची नाही. मॅसॅच्युसेट्सच्या नियमांत चुकीच्या तुरुंगवासाचा अपवाद आहे, कॅलिफोर्नियात नाही. रूलेने हॉलरला निवडलं तेच या भिंतीचा हिशेब करून. कथानकाचं खरं यंत्र हे आहे.

‘असं प्रत्यक्षात कुठे होतं’ म्हणणाऱ्यांसाठी शिकागोतली अल्टन लोगनची केस आहे. १९८२ मधल्या एका खुनासाठी तो २६ वर्षं तुरुंगात होता. अँड्र्यू विल्सन नावाच्या दुसऱ्या आरोपीने तो खून आपण केल्याचं आपल्या वकिलांना सांगितलं होतं. त्यांनी १९८२ मध्येच प्रतिज्ञापत्र करून पेटीत कुलूपबंद ठेवलं आणि विल्सन २००७ मध्ये मेल्यावर तोंड उघडलं. लोगन २००८ मध्ये सुटला. कादंबरी त्याआधी तीन वर्षं आलेली.

आपल्याकडे हाच पेच निम्मा सुटला असता. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२, त्यातलं उदाहरणच जणू हॉलरसाठी लिहिलंय: अशील वकिलाला म्हणतो, मी खोटा दस्तऐवज केला आहे, माझा बचाव करा. दोषी असल्याचं माहीत असलेल्या माणसाचा बचाव करणं हा गुन्हेगारी हेतू नव्हे, म्हणून हे बोलणं सुरक्षित. पण त्याच कलमाचं परंतुक सांगतं की वकीलपत्र घेतल्यानंतर गुन्हा घडल्याचं वकिलाच्या कामाच्या ओघात निदर्शनास आलं, तर त्या गोष्टीला संरक्षण नाही. म्हणजे मेनेंडेझबद्दल आपल्या वकिलाचंही तोंड बंदच, पण पुस्तकाच्या मध्यात जो दुसरा खून होतो त्याबद्दल तसं ठामपणे म्हणता येणार नाही. शिवाय मुळात मेनेंडेझचा सौदाच इथे झाला नसता. आपलं प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेचा सौदा, २००६ पासून लागू झालं ते जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं, आणि स्त्रियांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले. अमेरिकेत मात्र दोषसिद्धीतल्या ९० टक्क्यांहून जास्त केसेस अशा सौद्यानेच मिटतात, त्यामुळे मेनेंडेझ तिथे अपवाद वाटत नाही.

कॉर्लिस हा तुरुंगातला खबऱ्या. कोठडीत आरोपीने आपल्याकडे कबुली दिली असं सांगून स्वतःची शिक्षा कमी करून घेणारा. वाचकांना तो सोयीचा पात्रविशेष वाटतो. पण लॉस एंजेलिसमध्ये १९८८ साली लेस्ली व्हाइट नावाच्या खबऱ्याने तुरुंगातल्या फोनवरून केसची माहिती काढून खोटी कबुली कशी रचायची हे करूनच दाखवलं होतं. १९९० मध्ये तिथल्या ग्रँड ज्यूरीने, म्हणजे नागरिकांच्या चौकशी मंडळाने, या पद्धतीवर कडक अहवाल दिला. कॉनेली १९८७ पासून लॉस एंजेलिस टाइम्समध्ये गुन्हेवार्ता करत होता. कॉर्लिसची साक्ष वाचताना तो काळ आठवला तर सरकारी वकील मिंटनचा हावरेपणा नीट कळतो. २०१२ पासून कॅलिफोर्नियात अशा खबऱ्याच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो.

खटल्याचा भाग उत्तम आहे, त्यावर फार लिहायला नको. एकच लक्षात ठेवा: आरोपी शपथेवर साक्षीला उभा राहतो आणि सरकारी वकील त्याचा उलटतपास घेतो. आपल्याकडच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ च्या, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ च्या, बिनशपथेच्या जबाबाची सवय असलेल्याला हे धाडस वाटेल. निकाल बारा जणांच्या ज्यूरीचा आणि एकमताचा, त्यामुळे हॉलर कायदा नव्हे, चेहरे वाचत असतो.

उणिवा खऱ्या आहेत. हॉलरच्या दोन्ही घटस्फोटित बायका त्याच्यावर अजून माया करतात, एक तर त्याचं ऑफिस सांभाळते. दुसरी, मॅगी, सरकारी वकील, तरी तिचा राग दोन पानांत वितळतो. हे लेखकाने फुकटात घेतलंय. जखमा डाव्या हाताच्या की उजव्या, हा मुद्दा इतक्यांदा येतो की चाणाक्ष वाचक पुढे निघून जातो. आणि शेवटच्या प्रकरणांत बंदूक येते. तीनशे पानं कायद्याच्या कात्रीत पकडलेल्या माणसाची सुटका हत्याराने करणं हा सगळ्यात मोठा दोष. अनेकांना तोच भाग थरारक वाटतो, मला ती घाई वाटते.

२०११ चा मॅथ्यू मॅकॉनहेचा चित्रपट आधी पाहिला असेल तर नावं गोंधळात टाकतील: तिथे मेनेंडेझ मार्टिनेझ झालाय आणि राउल लेव्हिन फ्रँक. चित्रपट नेटका आहे, पण फीचं अर्थशास्त्र त्यात बरंचसं गळलंय. नेटफ्लिक्सची २०२२ ची मालिका सुरू होते ती दुसऱ्या कादंबरीपासून, ‘द ब्रास व्हर्डिक्ट’ (२००८). त्यातलं हॉलरचं व्यसन पुस्तकात पहिल्या कादंबरीच्या शेवटातून आलेलं आहे, मालिकेत त्याला सर्फिंगचा अपघात जोडलाय. म्हणून क्रम पाळायचा असेल तर पुस्तकं आधी. आणि सॅम स्केल्स हा किरकोळ ठग पहिल्या पुस्तकात येऊन जातो, त्याचं नाव त्या कोऱ्या पानावर सातवं म्हणून लिहून ठेवा. २०२० च्या ‘द लॉ ऑफ इनोसन्स’मध्ये तो हॉलरच्या गाडीच्या डिकीत मेलेला सापडतो.