गाव महापालिकेत जावं की ग्रामपंचायतीत राहावं? वसईच्या किनाऱ्यावरून एक तुलना

राजोडीच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला कळंबकडे वाळूतून चालत गेलात तर हद्द कुठे ओलांडली ते कळणार नाही. तीच सुरूची झाडं आणि तोच खारा वारा. कागदावर मात्र राजोडी वसई-विरार महापालिकेत आहे आणि कळंबला स्वतःची ग्रामपंचायत आहे. अर्नाळा, रानगाव, तरखड बाहेर. गास, भुईगाव, निर्मळ आत. इतकी शेजारी असलेली गावं दोन वेगळ्या कायद्यांखाली नांदताहेत. म्हणून ज्यांच्या गावावर आज ना उद्या समावेशाची अधिसूचना येणार आहे, त्यांना तुलना करायला वसईइतकी चांगली जागा दुसरी नाही.

माझं बालपण पश्चिम पट्ट्यात गेलं. वाडीतल्या बावखलात, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यात, पोहायला शिकलो आणि पहाटेच्या लोकलने दादरला जाणारे फुलांचे हारे पाहिले. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. तरीही खाली जे लिहिलंय त्यात दोन्ही बाजूंचं खरं ते मांडायचा प्रयत्न केला आहे, कारण नुसत्या भावनेवर हरकत नोंदवली की ती सुनावणीत टिकत नाही.

आत जाणं सोपं, बाहेर येणं नाही

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली. गावांनी विरोध केला, मोर्चे निघाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत हाच मुद्दा घेऊन उभे राहिलेले विवेक पंडित वसईतून निवडून आले. २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला, तो उच्च न्यायालयात अडकला आणि गावं प्रत्यक्षात आतच राहिली. २०२४ मध्ये शासनाने तो वगळण्याचा निर्णयच मागे घेतला. ज्यांनी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या त्यांची मुलं आता लग्नाची झाली.

कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. २०२० मध्ये त्यातली १८ गावं वगळून वेगळी नगर परिषद करायचं ठरलं. महापालिकेशी नीट सल्लामसलत झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने तो निर्णय त्याच वर्षी रद्द केला. एवढ्या ये-जा करण्यात रस्ता कोणी बांधायचा आणि पाण्याची जोडणी कोणी द्यायची याचं उत्तर दरवेळी लांबणीवर पडतं.

तुलनेतला पहिला आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. आत जायला एक अधिसूचना पुरते आणि बाहेर यायला एक पिढी जाते. बाहेर राहिलेल्या गावाला पुढच्या पाच वर्षांत मत बदलता येतं. आत गेलेल्याला तसं जमत नाही.

घरपट्टी

लोक सगळ्यात जास्त यावर बोलतात आणि मला हाच मुद्दा सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. महापालिकेची घरपट्टी जास्त असते हे खरं आहे. पण नव्याने आलेल्या भागात ती एकदम लादता येत नाही, टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. जमीन-घराच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क मात्र ग्रामपंचायत हद्दीत कमी पडतं, आणि घरातल्या वाटण्या-खरेद्या बाकी असतील तर हा फरक जाणवण्याइतका असतो.

खरा धोका शास्तीचा, म्हणजे दंडाचा आहे. महापालिकेच्या कायद्यात अनधिकृत बांधकामावर मूळ घरपट्टीच्या दुपटीपर्यंत शास्ती लावता येते. आपल्याकडे किती घरं अशी आहेत की आजोबांचं मूळ घर गावठाणात, वरचा मजला वडिलांनी ग्रामपंचायतीच्या तोंडी होकारावर चढवलेला आणि कागद एकच, नमुना ८ चा उतारा! तो उतारा घरपट्टी लावल्याचा पुरावा आहे, बांधकाम परवानगीचा नाही. गावात हा फरक कोणी विचारत नव्हतं. पालिकेत तो विचारला जाऊ शकतो.

जमीन

इथे थोडं थांबून वाचा, कारण चहाच्या टपरीवर या विषयावर जे ऐकू येतं त्यातलं बरंच अर्धवट असतं.

वसई तालुक्यातून बुलेट ट्रेन, वडोदरा-मुंबई महामार्ग आणि विरार-अलिबाग मार्गिका जातात, तेव्हा भूसंपादन हा दूरचा विषय नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला एका गुणकाने गुणतात आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम देतात. शहरी भागासाठी गुणक १ आहे. ग्रामीण भागासाठी तो १ ते २ यांमध्ये राज्य ठरवतं. म्हणजे गुणक २ मिळाला तर बाजारभावाच्या चौपट, आणि तीच जमीन शहरी हद्दीत गेली तर दुप्पट. प्रकल्पानुसार राज्याच्या अधिसूचना वेगळ्या असतात, म्हणून तुमच्या सर्व्हे नंबरला कोणता गुणक लागू आहे हे भूसंपादन अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी विचारा. ज्याच्या वाडीवर प्रकल्पाची रेघ आहे, त्याने बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचावं.

उलट आयकराच्या बाबतीत बाहेर राहून काही वाचत नाही. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, असं सरसकट सांगितलं जातं. पण १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन त्या सवलतीत बसत नाही. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर होती. त्यामुळे अर्नाळा असो की तरखड, ग्रामपंचायत राहूनही ही सवलत गेलेलीच आहे. ‘बाहेर राहा, कर वाचेल’ असं कोणी सांगत असेल तर त्याला हे दाखवा.

चटईक्षेत्राचं, म्हणजे जमिनीवर किती बांधकाम करता येतं त्याचं काय? पालिका हद्दीत टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), वाढीव चटईक्षेत्र आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सवलती मिळतात. ज्यांना जमीन विकसित करायची आहे किंवा ज्यांची तीस-चाळीस वर्षांची इमारत गळायला लागली आहे, त्यांच्यासाठी महापालिका उघडपणे फायद्याची आहे. मात्र इमारत मंजूर नकाशाची असली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्ये कोसळलेली, १७ जणांचा जीव घेणारी इमारत अनधिकृत होती. नालासोपाऱ्यात सांडपाणी केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि घरासाठी आयुष्यभराची कमाई घातलेली कुटुंबं रस्त्यावर आली. महापालिकेत असणं म्हणजे बांधकामावर लक्ष आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

आणि ज्यांना वाडी वाडीच ठेवायची आहे, पानवेल, केळी, मोगरा, भाजी, त्यांच्यासाठी हेच वाढीव चटईक्षेत्र घातक आहे. शेजारच्या चार वाड्या भरून चाळी किंवा टॉवर झाले की पाचवीत पाणी साचतं. मग ती पिकत नाही आणि शेवटी विकावी लागते. आपण विकणार नाही असा कितीही निर्धार केला तरी निर्णय शेजारी घेतो.

पाणी, दोन्ही अर्थांनी

सूर्या धरण प्रकल्पातून एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) जी नवी योजना केली, त्यात दिवसाला १८ कोटी ५० लाख लिटर पाणी वसई-विरार महापालिकेसाठी ठरलं. नळाचं पाणी हा शहराच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. ६९ गावांची पाणी योजना वर्षानुवर्षे कशी रखडली हे पाहिलेल्या बायकांना ‘ग्रामपंचायतीतच राहा’ असं सांगणं मला जड जातं. त्या योजनेतली काही गावं पालिकेत गेली, काही बाहेर राहिली आणि जबाबदारी दोघांच्या मध्ये लोंबकळली. हंडा डोक्यावर ज्याच्या असतो त्याचं मत या बाबतीत पहिलं ऐकलं पाहिजे.

पण पाणी जसं यावं लागतं तसं जावंही लागतं. सोपारा प्राचीन बंदर होतं ते इथल्या खाड्यांमुळे. त्याच खाड्या, त्यांना मिळणारे नाले, सखल शेतं आणि मिठागरं पावसाचं पाणी समुद्राकडे नेत. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होतं, मिठागरांत माणसं अडकली, रेल्वे थांबली. त्यानंतर आयआयटी मुंबई आणि नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) यांच्याकडून अभ्यास करवून घेतला गेला आणि पाणी धरून ठेवणारे तलाव हवेत असं सांगितलं गेलं. आमच्या पट्ट्यात बावखलं ते काम शेकडो वर्षं करत होती. पावसाचं पाणी जिरवायचं, विहिरी गोड ठेवायच्या, समुद्राचं खारं पाणी मागे रेटायचं. बावखल बुजवलं की त्याची नोंद कुठेच होत नाही, फक्त तीन वर्षांनी विहीर मचूळ होते. ग्रामपंचायतीने ती जपली असं मी म्हणणार नाही, बरीच पंचायतींच्या डोळ्यांदेखत बुजली. पण गावात ‘कोणी बुजवलं’ हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ग्रामसभेत नाव घेऊन विचारता येतं. शहरात ते एक सर्व्हे नंबर होतं.

सांडपाण्याचं सांगायचं तर बोळींजचं शुद्धीकरण केंद्र एवढ्या मोठ्या शहराला पुरत नाही आणि बरंचसं पाणी प्रक्रियेविना खाडीत जातं. गावात गटारच नाही, शहरात आहे पण ते कुठे जातं ते विचारायचं नाही. दोन्हीकडे उणंच.

आवाज

साडेसात हजारांहून मोठ्या गावाच्या पंचायतीत १७ सदस्य असतात, छोट्यात छोट्या गावातही ७. वसई-विरार महापालिकेत ११५ नगरसेवक आहेत, म्हणजे २०११ च्या लोकसंख्येने एकामागे साधारण साडेदहा हजार माणसं. आठ हजारांच्या गावाला आज १७ प्रतिनिधी आहेत. उद्या त्याला पुरता एकही नाही. शेजारच्या वसाहतीसोबत प्रभाग जोडला गेला तर निवडून कोण येईल हे गाव ठरवणार नाही.

शिवाय जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होता. ग्रामपंचायतींवरही प्रशासक येतात, पण इतका काळ क्वचितच.

ग्रामसभा हे गावाकडचं मोठं हत्यार आहे आणि ते आपण गंजू दिलं. वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, त्यात हिशेब मागता येतो. शहरांसाठी क्षेत्रसभेचा कायदा आहे, पण ती भरलेली मी तरी पाहिलेली नाही. मात्र एक लक्षात ठेवा, समावेशाविरुद्धचा ग्रामसभेचा ठराव शासनावर बंधनकारक नाही. त्याला वजन आहे, सक्ती नाही. म्हणून ठरावासोबत प्रत्येक घराची वेगळी लेखी हरकत गेली पाहिजे.

शाळा, दवाखाना, अग्निशमन यांत शहर पुढे आहे असं धरून चालतात. वसईतलं सर डी. एम. पेटिट रुग्णालय महापालिका चालवते, हे जमेला धरा. शाळांच्या बाबतीत मात्र जिल्हा परिषदेच्या शाळा पालिकेकडे देण्याचा प्रश्नच वर्षानुवर्षे रेंगाळला. ग्रामीण रोजगार हमी, ग्रामीण घरकुल आणि वित्त आयोगाचा पंचायतीला थेट येणारा निधी हे समावेशाबरोबर संपतं. पूर्व पट्टीतल्या आदिवासी पाड्यांना याचा फटका सगळ्यात आधी बसतो आणि सुनावणीच्या दिवशी त्यांचं कोणी आलेलं नसतं.

तिसरी वाट

काही गावं एकत्र येऊन वेगळी नगर परिषद मागतात. पुण्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०१७ मध्ये महापालिकेत गेली आणि नंतर बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद झाली. कारभार जवळ राहतो आणि शहराचे अधिकारही मिळतात. उत्पन्नाचं साधन मात्र हवं. महामार्गालगत गोदामं, कारखाने असतील तर हे चालेल. नुसत्या वाड्या आणि मासेमारीवर नगर परिषद चालत नाही.

मग काय करावं

तुमचं गाव महामार्गाच्या बाजूला असेल, निम्म्याहून जास्त वस्ती बाहेरून आलेली असेल, चाळी आणि गाळे आधीच उठले असतील, तर महापालिकेत जा. तीन शिपाई आणि एक ग्रामसेवक असलेली पंचायत तिथला कचरा उचलू शकत नाही आणि बांधकाम थांबवू शकत नाही. तिथे राखायचं गाव फारसं उरलेलं नाही, माणसांना नळ आणि गटार हवं आहे.

तुमचं गाव पश्चिमेच्या हिरव्या पट्ट्यात किंवा कोळीवाड्याचं असेल, विहिरी अजून गोड असतील, तर मी नाही म्हणेन. निदान विकास आराखड्यात वाडी, बावखल, नाला आणि मासळी सुकवायची जागा आरक्षित झालेली दिसेपर्यंत. ‘आधी या, आराखडा नंतर’ यावर विश्वास ठेवण्यासारखा अनुभव या किनाऱ्याला नाही. ऐंशीच्या दशकाअखेर हा पट्टा बिल्डरांना मोकळा होऊ लागला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लोकांना उभं केलं, म्हणून आज राखायला काही शिल्लक आहे.

निर्णय कोणताही होवो, अधिसूचना येण्याआधीच पंचायतीतून नमुना ८ चे प्रमाणित उतारे आणि बांधकाम परवानग्यांच्या प्रती घ्या. गावठाणाची स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणी पूर्ण करून मिळकत पत्रिका हातात ठेवा, ही सोय गाव असेपर्यंतच आहे. पंचायतीच्या मालकीच्या जागांची, म्हणजे बाजार, स्मशान, दफनभूमी, तलाव यांची यादी ग्रामसभेत वाचून ठरावात घाला, कारण समावेशाच्या दिवशी हे सगळं महापालिकेचं होतं. आणि बावखलं मोजा. प्रत्येकाचा फोटो, सर्व्हे नंबर, लांबी-रुंदी आणि कोणाच्या आजीने त्याला काय नाव दिलं होतं तेही लिहा. आमच्या वाडीतल्याचं मी लिहून ठेवलं आहे.