घरच्या घरी केलेली जिवंत आमिषाची टाकी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

६० लिटरचा जाड भिंतींचा आइसबॉक्स, त्यात ५० लिटर पाणी, मिनिटाला ४ लिटर हवा देणारा एअर पंप, दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारे सच्छिद्र दगड) आणि मुठीएवढा स्पंज फिल्टर. सामान एवढंच. ५ ते ७ सेंटिमीटरचे वीस मासे यात आठवडाभर तरतरीत राहतात आणि गळाला लावल्यावरही जोरात वळवळतात. तिसावा मासा टाकला की मात्र दुसऱ्या दिवशी पाण्यावर चिकट फेस धरतो. फेस दिसला की लगेच एक तृतीयांश पाणी बदलावं.

या टाकीचा जीव स्पंजात आहे, पंपात नाही. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की पहिला हात हवा वाढवायला जातो. पण बुडबुडे नीट येत असूनही असं होत असेल, तर संशय माशांच्या शरीरातून बाहेर पडून पाण्यात साचणाऱ्या अमोनियावर घ्यावा. अमोनियाने कल्ले भाजतात, मग पाण्यात ऑक्सिजन असूनही माशाला तो घेता येत नाही. हा अमोनिया खाणारे जिवाणू स्पंजात वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर दहाच मासे ठेवावेत आणि रोज थोडं पाणी बदलावं. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला की क्लोरीनने जिवाणू मरू शकतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमिष संपलं तरी दोन-तीन मासे आत ठेवावेत, नाहीतर जिवाणू उपाशी राहतात.

नळाच्या पाण्यात २४ तास पंपाने हवा सोडत ठेवली की क्लोरीन निघून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं, ते तसं जात नाही. त्याला सोडियम थायोसल्फेटसारखं क्लोरीन काढणारं रसायन लागतं.

उन्हाळ्यात खरी परीक्षा. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढते. एक लिटरची गोठवलेली बंद बाटली ५० लिटर पाणी साधारण दोन अंशांनी उतरवते. एका वेळी एकच बाटली सोडावी, घाईने थंड केलेलं पाणी माशांना झेपत नाही. सुटा बर्फ टाकू नये, तो वितळताना त्यातला क्लोरीनही पाण्यात उतरतो.

गोड्या पाण्यातल्या माशांसाठी लिटरला २ ग्रॅम, म्हणजे एकूण १०० ग्रॅम मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू ओतलं की पकडताना बसलेला ताण लवकर ओसरतो. पाणी बदलताना काढलेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घालावं. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं असेल तर नुसतं पाणी, कारण मीठ उडून जात नाही. कोळंबी ठेवायची असेल तर तांब्या-पितळेचा एकही जोड पाण्यात नको, तांबं तिला फार लवकर मारतं.

चौकोनी पेटीचा त्रास पहिल्याच आठवड्यात कळतो. मासे कोपऱ्यात गर्दी करतात, तोंडं घासून घेतात आणि जखमेवर कापसासारखी बुरशी येते. चारही कोपऱ्यांत लवचिक प्लास्टिकची पट्टी गोलाईत वाकवून सिलिकॉनने चिकटवली की हे थांबतं. सिलिकॉन मत्स्यटाकीचंच हवं. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये, निदान ४८ तास.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी असावाच. बंद पडलेल्या हवेत वीस मासे फार वेळ तग धरत नाहीत. एअर स्टोन दोन-तीन महिन्यांत तुंबतात, ते बदलावेत.

या रचनेतली एकच गोष्ट अजून खटकते: तळाला तोटी नाही. गाळ दर वेळी नळीने ओढावा लागतो आणि पट्ट्यांच्या कडेला साचलेला थोडा राहतोच. नवी टाकी करणाऱ्याने सिलिकॉन लावण्याआधीच तोटीचं भोक पाडून घ्यावं.